ऑर्लिनच्या गाडीवरचा बगळा

गावातल्या सगळ्या गाड्यांना एकाच आठवड्यात काय झालं असावं, हे ऑर्लिनला समजेना.

"आई, पंपावर पेट्रोल खराब आलंय का गं?" त्यानं नाश्त्याला बसल्या बसल्या विचारलं.

"का रे?"

"सगळे हळू चालवतायत. म्हातारेच नाहीत, सगळेच. काल रॉली माझ्या पुढे होता. त्याच्या टँकरमध्ये दूध असतं ना? काल अंडी भरल्यासारखा चालला होता."

त्याच्या आईनं, व्हर्लानं, तव्यावरचा पॅनकेक उलटला. तो आधीच एकदा उलटून झाला होता. "थंडी आहे ना. रस्ते निसरडे झाले असतील."

"रस्ते कोरडे आहेत. मी उतरून हात लावून पाहिला."

खरं कारण व्हर्लाला ठाऊक होतं. ते तिनंच स्वतःच्या हातानं, दोन स्क्रू पुढे आणि दोन मागे, गाडीला बसवलेलं होतं.

ऑर्लिन एकतीस वर्षांचा. त्याच्या डोक्यात गोष्ट जायला वेळ लागायचा, पण एकदा गेली की ती तिथं घर करून राहायची. शाळेनं याला एक लांबलचक नाव दिलं होतं, डॉक्टरांनी त्याहून लांब. व्हर्ला एवढंच म्हणायची, "त्याला जरा वेळ लागतो." गाडीच्या लायसन्सलाही लागला. पाचव्या खेपेला तो पास झाला तेव्हा खिडकीमागच्या बाईनं टाळ्या वाजवल्या, आणि लायसन्सवरच्या फोटोत तो इतका हसलेला आहे की डोळे शोधावे लागतात.

तेव्हापासून व्हर्लाला एकच स्वप्न पडायचं. हायवेवर लाल-निळे दिवे, काचेशी पोलीस, पोलिसाचे एकावर एक प्रश्न, आणि आपला ऑर्लिन गप्प, स्वतःच्या हातांकडे बघत बसलेला. कुणी आवाज चढवला की तो असाच गप्प व्हायचा. आता गप्प बसलेला माणूस पोलिसाला कसा दिसतो? एक तर प्यायलेला, नाही तर उर्मट. म्हणून राज्यानं त्या हिवाळ्यात अशा चालकांसाठी खास नंबरपाटी काढली, तेव्हा व्हर्लानं पहिल्याच दिवशी अर्ज केला. पाटीवर लव्हाळ्यात एका पायावर उभा निळा बगळा होता, आणि नंबराखाली लिहिलं होतं, 'धीर धरा, धन्यवाद.'

ऑर्लिनला बगळा फार आवडला. दर रविवारी तो त्याची चोच जुन्या ब्रशनं घासून काढायचा.

पण गावात पोलीस एकच आणि माणसं चिकार. पोलिसासाठी लावलेली पाटी सगळ्या गावानं वाचली, आणि गाव मनापासून धीर धरायला लागलं. त्याच्या मागं चार चार गाड्या रांगेनं यायच्या, पण ओलांडून कुणी जायचं नाही. पुढं असलेला माणूस वेग कमी करायचा, मागच्याला घाई वाटू नये म्हणून. दुकानासमोर तो गाडी लावायला लागला की दोघं तिघं फुटपाथवर उभे राहून, विमान उतरवावं तसे हात हलवायचे. ऑर्लिन दिसेल त्याला विचारायचा, "बरं वाटत नाहीये का?" समोरचा म्हणायचा, "मला? मला काय झालंय?" मग ऑर्लिनला आणखीच काळजी वाटायची.

गावाला सवय होईल, असं व्हर्ला मनाला समजावत होती. अडचण बुधवारची होती.

बुधवारी चर्चच्या स्वयंपाकघरातून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गरम जेवण जायचं, आणि ते ऑर्लिन न्यायचा. आठवड्यातले बाकीचे दिवस लोक ऑर्लिनसाठी काही ना काही करायचे. बुधवारी तो लोकांसाठी करायचा. त्या दिवशी तो शर्ट इस्त्री करून घालायचा.

हे काम मार्लिस ओव्हरगार्डच्या हाताखाली चालायचं. मार्लिस वाईट नव्हती, पण वेळेच्या बाबतीत तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. बाराच्या ठोक्याला शेवटचा डबा शेवटच्या घरी, म्हणजे मिसेस लुंडकडे, पोचलाच पाहिजे, हा तिचा कायदा. बगळा आल्यावरच्या पहिल्या बुधवारी ऑर्लिन उशिरा पोचला, कारण पुढची शाळेची बस सगळ्या वाटेनं त्याच्यासाठी हळू चालली. दुसऱ्या बुधवारी गावच्या एकुलत्या पोलिसानं, डेप्युटी जनेल प्रुसाकनं, पाटी पाहिली आणि चांगल्या मनानं ती दिवे लावून त्याच्या पुढं निघाली. जिथं जिथं ही मिरवणूक थांबली, तिथं तिथं अंत्ययात्रा समजून म्हातारे घाबरून अंगणात आले, "कोण गेलं? कोण गेलं?" आणि कुणीच गेलेलं नाही हे प्रत्येकाला नीट समजावून सांगण्यात ऑर्लिनचा वेळ गेला.

"हे बघ," मार्लिस त्याला म्हणाली, "दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं तर बुधवार मी ड्युएनला देणार. मनाला लावून घेऊ नकोस."

ड्युएन म्हणजे तिचा दीर. नुकताच रिटायर झालेला, आणि दिवसभर घरात बसून वहिनीला सल्ले देणारा.

ऑर्लिननं मनाला लावून घेतलं. घरी आल्यावर त्यानं इस्त्री केलेला शर्ट काढलाच नाही, त्यातच झोपला.

तिसऱ्या बुधवारी तो अर्धा तास आधी निघाला. बस टाळायची म्हणून मागच्या गल्लीतून गेला. एकेक घर वेळेवर झालं. फक्त मिसेस लुंड राहिल्या, आणि त्यांच्या घराआधी एक चौक.

या चौकात सिग्नल नाही. चारही बाजूंना थांबायचे लाल फलक आहेत. जो आधी येऊन थांबेल त्यानं आधी निघायचं, इतकं सोपं. ऑर्लिन पोचला तेव्हा समोर रॉलीचा दुधाचा टँकर होता, डावीकडे मार्लिसची करडी गाडी, उजवीकडे जनेलची लाल व्हॅन. तिघंही त्याच्या आधीचे. म्हणजे आधी ते जाणार, मग आपण. ऑर्लिन हातांची घडी घालून बसला.

रॉलीनं बगळा पाहिला आणि हात केला. जा, राजा, तू जा.

मार्लिसनं बगळा पाहिला आणि हात केला.

जनेलनं बगळा पाहिला, आणि मागच्या सीटवरच्या ओल्या कुत्र्याला आवरत एका हातानं हात केला.

ऑर्लिन हलला नाही. त्याच्या चौथ्या परीक्षेत असंच झालं होतं. एका गोड म्हाताऱ्यानं हात केला, ऑर्लिन निघाला, दुसरीकडून एक पिकअप सुसाट आला आणि परीक्षक बाईंनी किंचाळून ब्रेक दाबला. नापास. तेव्हा शिकवणाऱ्या माणसानं सांगितलं होतं, "हात बघून निघायचं नाही. चाकं बघून निघायचं. हात काय, कुणीही करतं." हे आत गेलं होतं, आणि आत घर करून राहिलं होतं.

त्यानं समोरच्या चाकांकडे पाहिलं. चाकं हलत नव्हती.

"जा की रे!" रॉलीनं काच खाली केली.

"तुझा नंबर आहे, रॉली."

"असू दे ना! तुझ्याआधी मी कसा जाऊ? बरं दिसतं का ते?"

"तू आधी आलास."

"मी थांबतो रे, मला काय घाई?" रॉली म्हणाला. त्याला घाई होती. पण या गावात माणूस दारातून आत जातानाही मागच्याला आधी जाऊ देतो, आणि मागचा म्हणतो नको नको, तुम्हीच. अशानं लग्नाच्या जेवणातलं अन्न निवल्याची उदाहरणं आहेत. धीर धरा असं पाटीवर लिहिलेल्या माणसाच्या पुढं गाडी घालायची? उद्या कॅफेत तोंड कसं दाखवणार?

मागं गाड्या साचल्या. हॉर्न कुणी दिला नाही. मागच्या गाडीतला खाली उतरून पुढच्याला विचारायचा, "काय झालं?" पुढचा हळू आवाजात म्हणायचा, "व्हर्लाचा ऑर्लिन आहे. घाई करू नका त्याला." मग तोही परत जाऊन गाडीत बसायचा आणि धीर धरायचा. कुणीतरी थर्मास काढला. कुणाच्या तरी गाडीत लिंबाच्या वड्यांचा ट्रे निघाला, तो खिडक्याखिडक्यांतून पुढं सरकू लागला.

शेवटी जनेल व्हॅनमधून उतरून चौकाच्या मधोमध उभी राहिली. आज तिची सुट्टी होती. अंगात पायजमा, वर नवऱ्याचं जाकीट, आणि अंगभर कुत्र्याचे केस.

"ऑर्लिन, पोलिसानं हात केला तर निघायचं असतं. हो ना?"

"हो."

"मग मी करतेय हात. चल."

ऑर्लिननं तिला वरून खाली पाहिलं. "तुझा युनिफॉर्म कुठाय?"

"घरी आहे. पण मी कोण आहे, तुला माहितीये ना?"

"तू जनेल आहेस."

"आणि जनेल कोण आहे?"

"आज सुट्टीवर आहे," ऑर्लिन म्हणाला.

यावर मागचे दोघं हसले, तेव्हा जनेल युनिफॉर्म आणायला घरी निघाली. पण तिची व्हॅन चौकात अडकलेली, आणि आपला नंबर नसताना ती काढायची कशी? ती परत आली आणि लिंबाची वडी खाऊ लागली.

मार्लिसचं सगळं लक्ष घड्याळाकडे. ती हात करतच होती. उजवा दुखला की डावा. "जा बाबा ऑर्लिन! डबा गार होतोय!"

"तुमचा नंबर आहे, मार्लिस. रॉलीनंतर तुमचा."

"मला नको माझा नंबर!"

इतक्यात मिसेस लुंड आल्या. नव्वदीच्या, वॉकर ढकलत. त्यांचं घर चौकाजवळच, आणि खिडकीतून त्यांना स्वतःचं जेवण तासभर समोर उभं दिसत होतं. चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा तर सगळ्यांना मान्य असलेला नियम, त्यामुळे सगळे पुन्हा नव्यानं थांबले. मिसेस लुंडनी संथपणे रस्ता ओलांडला आणि ऑर्लिनच्या काचेवर टकटक केली.

"आज काय आहे रे, बाळा?"

"खिमा आणि घेवडा. वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे."

"कुरकुरीत होते तेव्हा निघाले असतील," त्या म्हणाल्या.

"मी तुम्हाला दारात देणार. चौकात द्यायचं नसतं."

"बरं. मी दारात जाऊन उभी राहते." आणि त्या वळून तितक्याच संथपणे परत निघाल्या. रॉलीनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

व्हर्लाला कुणीतरी फोन केला होता. ती स्वयंपाकाच्या एप्रनवरच कोट चढवून आली. तिनं रांग पाहिली, हलणारे हात पाहिले, सगळ्यांचे मायेनं ताठ झालेले चेहरे पाहिले. मग ती कुणाशीही न बोलता गाडीसमोर गुडघ्यावर बसली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"आई, काय करतेस?"

"बगळा काढतेय."

"तो माझा आहे!"

"माहितीये रे, राजा." स्क्रू गंजले नव्हते, पटापट फिरले. पाटी निघाली. ती कोटाशी धरून व्हर्ला उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं. आता हा कुणीही आहे. आता निघा!"

जनेलनं वडी खाली ठेवली. "व्हर्ला, पुढची पाटी नसेल तर गाडी रस्त्यावर चालवता येत नाही गं."

"तुझी सुट्टी आहे ना आज?"

"सुट्टी आहे. पण दिसतंय मला."

"म्हणजे हा आता जाऊच शकत नाही?"

"पाटी परत लावेपर्यंत नाही."

मग रॉलीनं डोकं वर केलं. "म्हणजे मी गेलो, तर मी त्याच्या आधी गेलो असं होत नाही?"

"तो रांगेतच नाही आता," जनेल म्हणाली.

रॉली गेला. मार्लिस गेली. जनेलचा कुत्रा भुंकत गेला. मागच्या एकेक गाड्या येऊन थांबल्या आणि आपापल्या नंबरानं निघाल्या. जाताना प्रत्येकानं व्हर्लाकडे बघून मान हलवली, एखाद्याच्या घरी समाचाराला जाऊन बाहेर पडावं तशी. शेवटी चौक मोकळा झाला. व्हर्लानं बगळा परत लावला. ऑर्लिननं तिन्हीकडे पाहिलं. कुठंच चाकं नव्हती. तो निघाला.

मिसेस लुंड दारात उभ्या होत्या. बारा कधीच वाजून गेले होते.

संध्याकाळी मार्लिसचा फोन आला. ती स्वतः त्या चौकात अडकली होती, त्यामुळे हा उशीर तिला धरता येईना आणि सोडताही येईना. "पुढच्या बुधवारी बाराला मी स्वतः हिल्दुर लुंडच्या दारात उभी असेन," ती व्हर्लाला म्हणाली. "वेळेवर आला तर त्याचं काम त्याच्याकडे. नाही तर ड्युएन. मी तरी काय करू गं? लोकांना जेवायचं असतं."

"हो," व्हर्ला म्हणाली. फोन ठेवून तिनं ऑर्लिनला विचारलं, "बगळा काढून टाकू या का? साधी पाटी घेऊ."

ऑर्लिननं खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "हायवेवर पोलिसानं थांबवलं तर?"

"तेच ना."

"मग राहू दे. लोकांना सांग."

व्हर्लानं सांगितलं. कॅफेत, चर्चमध्ये, पोस्टात. जनेलनं तर युनिफॉर्म घालून सांगितलं, "त्याला हात करायचा नाही. आपल्या नंबरानं निघायचं. तो काचेचा नाहीये." गावानं मान डोलावली, आणि जितक्या कसोशीनं आधी धीर धरला होता तितक्याच कसोशीनं आता नियम पाळायचं ठरवलं. पुढच्या बुधवारी सगळ्या वाटेनं माणसं परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसून, समोर बघत, दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळून गाडी चालवत होती. दोघांनी ऑर्लिनला ओलांडलंसुद्धा. एकानं तर सिग्नल न देता. ऑर्लिनला फार बरं वाटलं. पेट्रोल सुधारलं होतं.

चौकात तो पोचला तेव्हा बाराला थोडा अवकाश होता. मार्लिसची करडी गाडी आधीच थांबलेली. तीही मिसेस लुंडकडेच निघाली होती. मागोमाग समोरून रॉली आला.

आधी मार्लिस, मग ऑर्लिन, मग रॉली.

मार्लिस निघेना.

रॉलीनं चटकन नजर टँकरच्या छताकडे लावली. त्याला यात पडायचंच नव्हतं. मार्लिसनं ऑर्लिनकडे पाहिलं, मग पटकन दुसरीकडे. ती नक्की आधी आली होती का? की तो? आधी निघाले तर म्हणतील त्याला डावललं. थांबले तर म्हणतील परत लाड सुरू. आणि हात तर अजिबात हलवायचा नाही. तिनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की हातमोजे ताणले गेले होते. चर्चची घंटा वाजू लागली. बारा. चेहरा लालबुंद, ओठ मिटलेले, आणि गाडी जागच्या जागी.

ऑर्लिन निघाला असता तर कुणीही काही म्हटलं नसतं. मिसेस लुंडचं दार समोर दिसत होतं. शेजारच्या सीटवर डबा अजून वाफाळत होता.

त्यानं मार्लिसकडे नीट पाहिलं. मग काच खाली केली, हात बाहेर काढला आणि सावकाश, तिला दिसेल असा, हलवला.

मार्लिस गेली.

मिसेस लुंड दारात काटा हातात घेऊनच उभ्या होत्या. मार्लिस पायरीवर चढून घड्याळ बघत होती, तेवढ्यात ऑर्लिन डबा घेऊन आला. तिनं घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि घसा साफ केला.

"आज ट्रॅफिक फार होता," ती म्हणाली.

"कुठला ट्रॅफिक?" मिसेस लुंड म्हणाल्या. "मी सकाळपासून खिडकीत बसलेय. तीन गाड्या होत्या."

"तीन म्हणजे आपल्याकडे पुष्कळ झाल्या, हिल्दुर." मार्लिसनं बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. "पुढच्या बुधवारी पावटा आहे, ऑर्लिन. डबे आडवे ठेवू नकोस, रस्सा सांडतो."

"ड्युएन नाही येणार?"

"ड्युएनला मासे धरू दे," मार्लिस म्हणाली आणि तरातरा गाडीकडे गेली.

रात्री जेवताना ऑर्लिननं आईला सगळं सांगितलं, काहीही न गाळता, रॉलीच्या टँकरच्या छतासकट. व्हर्लाला हसू आवरेना, आणि डोळे पुसायला रुमालही सापडेना.

"पण काय रे," ती म्हणाली, "हात बघून निघायचं नाही म्हणतोस, आणि स्वतःच हात केलास? उशीर होणार होता ना तुला?"

"ती घाबरली होती, आई," ऑर्लिन बटाट्याचा शेवटचा गोळा काट्यावर घेत म्हणाला. "आणि तिच्या गाडीवर बगळा नाहीये. लोकांना कसं कळणार?"